साहेबांच्या सतरंजीवर

सौदीतल्या आमच्या खोबर शहराच्या मराठी मंडळाला अध्यक्ष नसतो. यजमान असतो. मंडळच कागदावर नाही, मग कागदावर शोभणारं पद तरी कशाला, असं पहिल्या लोकांनी ठरवलं होतं, आणि ते लोक शहाणे होते. त्यांच्या काळात इथे परदेशी लोकांच्या जमावाकडे संशयाने बघत, चार घरं एकत्र जमली तरी गाड्या वेगवेगळ्या गल्ल्यांत लावायची पद्धत होती म्हणे. अशा दिवसांत नावांच्या याद्या, चिठ्ठ्या, पेटी असलं काही कोणाच्या घरात सापडायला नको. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. ज्याला वर्षभर यजमान व्हायचंय त्याने घरून सतरंजी आणायची आणि अंथरायची. ज्यांना तो पसंत असेल त्यांनी तिच्यावर जाऊन बसायचं. मग डोकी मोजायची. जिच्यावर सगळ्यांत कमी माणसं ती सतरंजी गुंडाळायची आणि तिच्यावरच्यांनी उठून उरलेल्यांपैकी एकीवर बसायचं. शेवटी दोन उरल्या की जास्त डोकी ज्याची तो यजमान. कोणी विचारलंच तर सहलीला आलोय. सतरंज्या आहेत, डबे आहेत, पोरं खेळतायत. लिहिलेलं काही नाही.

आता काळ बदलला. माझी बायको स्वतः गाडी चालवत मॉलला जाते, सिनेमा बघून येते, दिवाळीत बिल्डिंगमध्ये दिवे लागतात आणि खालचा अरब शेजारी चकली मागून खातो. पण सतरंजी काही सुटली नाही. का, तर परंपरा. खरं सांगू का, परंपराबिरंपरा काही नाही. कोण कोणाच्या सतरंजीवर बसतो हे लोकांना बघायला आवडतं. वर्षभर पुरतं ते.

मी गेल्या वर्षी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं की बाबांनो, चिठ्ठ्या टाका. दोन मिनिटांचं काम. प्लांटवर ज्याची शिफ्ट आहे तो आदल्या दिवशी टाकून जाईल, जुबैलच्या कॅम्पवर राहणारी पोरं ज्यांच्याकडे गाडी नाही तीही कोणाबरोबर पाठवतील. सतरंजीवर बसायला मात्र माणूस सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत हजर लागतो, मधे उठला की मेला. यावर मोजणीचं काम करणारे काका, म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने, त्यांनी एवढंच लिहिलं की कुटुंबात चिठ्ठ्या टाकत नसतात. खाली बावीस अंगठे आले. मग एका उत्साही माणसाने व्हॉट्सॲपवरच पोल टाकला. सतरंजी की चिठ्ठी? त्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते नावासकट दिसतं. चिठ्ठीला दोन मतं पडली. एक माझं, एक त्या उत्साही माणसाचं, आणि त्याने संध्याकाळपर्यंत आपलं काढून घेतलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

हे सगळं मी तत्त्वासाठी बोलत होतो असं मात्र समजू नका. मला भीती होती.

माझी बायको नाशिकला शाळेत मराठी शिकवायची. अकरा वर्षं. मग माझ्या व्हिसावर इथे आली आणि तिच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, व्यवसायाच्या जागी गृहिणी असं आलं. पहिली काही वर्षं तिने फ्लॅट लावला, पोरीला वाढवलं, समुद्राकाठच्या कॉर्निशवर चालायला जायचं ठरवलं आणि मोडलं. पोरगी शाळेत जायला लागली तशी इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली, रागावली की हिंदीत. एके दिवशी हिने तिला विचारलं, भाजी कशी झालीये, तर म्हणाली, ‘इट्स ओके, थोडी कडू है.’ एक कडू तेवढा मराठी, तोही हिंदी वाक्यात अडकलेला. ही हसली, पण दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधली पाच पोरं गोळा करून बैठकीच्या खोलीत वर्ग सुरू केला. शुक्रवार सकाळ, नऊ ते अकरा. पाचाची चौदा झाली. सोफा गॅलरीत गेला. मी शुक्रवारी सकाळी चहा घेऊन स्वयंपाकघरात उभा राहायचो आणि भिंतीपलीकडून माझी बायको मला न ऐकवलेल्या आवाजात बोलायची. तो तिचा शाळेतला आवाज होता. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि मी तो पहिल्यांदा ऐकत होतो.

तिला एवढंच हवं होतं की मंडळाने वर्गासाठी एखादी खोली भाड्याने घ्यावी, पुस्तकं मागवावीत. मंडळाची वर्गणी जायची कुठे, तर क्रिकेट स्पर्धा आणि वार्षिक जेवण. आधीच्या यजमानाला तिने दोनदा सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, तुम्हीच यजमान व्हा आणि घ्या खोली. त्याने ते टाळायला म्हटलं होतं. हिने मनावर घेतलं.

आणि त्याच आठवड्यात कळलं की आमचे साहेबही सतरंजी आणणार आहेत.

साहेब म्हणजे माझ्या डिपार्टमेंटचे मॅनेजर. पुण्याचे. वाईट माणूस अजिबात नाही, उलट हसतमुख, क्रिकेटचं वेड. पण त्या वर्षी कंपनीत माणसं कमी करायची हवा होती. पन्नाशीच्या आसपासच्या, माझ्यासारख्या इन्स्ट्रुमेंटवाल्यांची जागा तरुण सौदी पोरं घेत होती, आणि चांगलं काम करत होती, तक्रारीलाही जागा नाही. माझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं. ते पुढे चालू राहिलं तरच इकामा, आणि इकामा तरच फ्लॅट, पोरीची शाळा, सगळं. नावांची यादी साहेबांकडून वर जाते असं सगळे म्हणत. साहेब मला काही बोलले नाहीत. एकदा कॅन्टीनच्या रांगेत वळून विचारलं, शुक्रवारी येताय ना? मी हो म्हणालो. बस, एवढंच. पण तेवढ्यावर मी चार दिवस झोपेत दात खात होतो असं ही म्हणाली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चिठ्ठी असती तर मी बायकोच्या नावाची टाकली असती, साहेबांना बघून हसलो असतो, आणि माझं पाप कोणाला कळलं नसतं. पापसुद्धा नव्हतं ते. हिने मला कधी विचारलं नाही की तुम्ही कुठे बसणार. नवऱ्याला काय विचारायचं? तिच्या डोक्यात तो प्रश्नच नव्हता. मीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, रोज सांगायला हवं होतं, आणि रोज मी दुसरंच काहीतरी बोलत होतो.

जानेवारीतला शुक्रवार होता. शहराबाहेर एक इस्तराहा भाड्याने घेतला होता, म्हणजे चार भिंतींच्या आत हिरवळ, एक हॉल, पोरांना खेळायला एक रिकामा हौद. हवा छान होती. हिने निळ्या पट्ट्यांची सतरंजी आदल्या दिवशी धुऊन वाळवली होती. ती अंथरली, चार कोपऱ्यांवर डबे ठेवले आणि मधे बसली. डाव्या हाताला साहेबांची मोठी लाल. पलीकडे दुकानवाल्या भाईंची चटई. भाई रत्नागिरीकडचे, खोबरला त्यांचं किराणा दुकान, कोकणातल्या सगळ्यांचे पासपोर्टपासून लग्नापर्यंतचे प्रश्न तेच सोडवतात. त्यांना यजमानपदाची हौस नव्हती. त्यांचं म्हणणं, मंडळात आमच्या लोकांना कोणी विचारीत नाय, म्हणून बसलंय.

काकांनी शिट्टी वाजवली आणि लोक उठले.

मला पायांचं आठवतं फक्त. चपला काढून ठेवलेल्या होत्या आणि मी मोज्यांत हिरवळीवर उभा होतो. दहिवरानं मोजे ओले झाले. साहेब कोणाशीतरी बोलत होते. ही माझ्याकडे बघत होती, हसत होती, आणि बाजूला सरकून तिने मला जागा केली. मी चालायला लागलो आणि लाल सतरंजीवर, मागच्या बाजूला, साहेबांच्या पाठीशी जाऊन बसलो. काहीच वाटलं नाही. लोकांना वाटतं अशा वेळी काळजात कळ येते वगैरे. मला ओल्या मोज्यांचा त्रास होत होता. हिने केलेली जागा तशीच राहिली, मग शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई तिथे येऊन बसल्या.

मोजणी लगेच झाली असती तर बरं होतं. पण काकांची मोजणी दोनदा चुकली, आणि तेवढ्यात पावणेबारा झाले. भाईंच्या चटईवरचे पुरुष जुम्म्याच्या नमाजाला निघाले. साहेबांच्या बाजूचा एक जण म्हणाला, नियम म्हणजे नियम, जे बसलेत तेच मोजा. भाई दारातून वळून म्हणाले, शुक्रवारी अकराला मोजणी ठेवता आणि बाराला नियम सांगता काय? दोन्ही बाजू बरोबर होत्या, म्हणजे भांडण लांबणार हे नक्की. शेवटी ठरलं, ते येईपर्यंत थांबायचं. मग सगळे आपापल्या सतरंजीवर बसून राहिले. उठायची सोय नाही. लहान पोरांच्या आया कासावीस झाल्या. दोघा जणांची दुपारची शिफ्ट होती, ते शिव्या घालत निघून गेले. जवळ जवळ दीड तास मी माझ्या बायकोपासून वीस पावलांवर बसून होतो आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. ती शेजारच्या बाईंना लाडू देत होती. आमची पोरगी हौदाकडून पळत आली, तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला विचारलं, ‘बाबा, व्हाय आर यू हिअर?’ सगळ्यांनी ऐकलं. मी म्हणालो, ऑफिसची माणसं आहेत इथे. ती बरं म्हणून परत पळाली.

भाईंची माणसं आल्यावर काकांनी पुन्हा मोजलं. साहेब एकेचाळीस. भाई तेवीस. ही पंधरा. मी डोक्यात ताबडतोब हिशेब केला, मी धरून सोळा झाले असते, म्हणजे काही फरक पडला नसता. मला हायसं वाटलं. सकाळपासून तोवर वाटलेलं तेवढंच.

काका म्हणाले, वहिनी, गुंडाळा. ही उठली. डबे बाजूला ठेवले आणि दोन्ही हातांनी सतरंजी गुंडाळायला लागली. मदतीला शेजारच्या बाई होत्या. मला उठता आलं असतं, सतरंजी उचलायला कोणी मनाई केली नव्हती. तेव्हा भाई चटईवरून उठून तिच्याजवळ आले. मोठ्याने बोलले, लपवण्यासारखं काही नव्हतं. म्हणाले, भाभी, माझ्या दुकानावरची खोली रिकामी आहे. यजमान झालो काय आणि नाय झालो काय, वर्ग तिथे घ्या. फक्त तुमची माणसं घेऊन माझ्या चटईवर या, तेवीस आणि पंधरा अडतीस होतात, आमची पण लाज राहील.

हे ऐकून मला आतून बरं वाटलं. खोली मिळाली. आता ती तिथे जाऊन बसेल, वर्ग होईल, आणि माझं जे काही झालं ते या भानगडीत विसरलं जाईल. तिचे चौदा जण तिच्याकडे बघत उभे होते. ती जाईल तिकडे ते जाणार होते.

तिने लाल सतरंजीकडे बघितलं. साहेबांकडे नाही, माझ्याकडे. मग भाईंना काहीतरी सांगितलं, हात जोडले, आणि गुंडाळलेली सतरंजी काखेत धरून माझ्याशेजारी येऊन बसली. बाकीचे चौदाही आले. साहेब वळून म्हणाले, वा वहिनी, वा, आणि टाळ्या वाजवल्या. छप्पन्न विरुद्ध तेवीस. भाई आपली चटई झटकत होते. त्या चटईवर बसलेल्यांपैकी कोणी पुढच्या वर्षी आलं नाही, आणि खोलीचा विषयही पुन्हा निघाला नाही. आपल्याला नाही म्हणून समोर जाऊन बसलेल्या बाईला माणूस खोली कशी देणार? मी असतो तर मीही दिली नसती.

परत येताना गाडी ती चालवत होती. पोरगी मागे झोपली होती. हायवेला लागल्यावर मी म्हणालो, तसंही जमलं नसतं, मी धरून सोळाच झाले असते.

‘मी आकडा विचारला का तुम्हाला?’ ती म्हणाली.

मी विचारलं, भाईंकडे का नाही गेलीस? खोली मिळत होती. ती शांतपणे म्हणाली, पहिल्यांदा तुम्ही तिकडे गेलात तेव्हा लोकांना वाटलं असेल, दोघांचं ठरलेलं असेल काहीतरी, नाटक असेल. दुसऱ्यांदाही मी वेगळी बसले असते तर घर फुटलेलं दिसलं असतं.

‘आणि तुमच्या साहेबांना वाटलं असतं, याची बायको आपल्याविरुद्ध माणसं नेते. मार्च आहे ना तुमचा?’

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मार्च, यादी, कॅन्टीनची रांग. मी काहीही न सांगता तिला माहीत होतं, आणि त्या दीड तासात लाडू वाटता वाटता तिने सगळा विचार केला होता. मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. पेट्रोल पंप, फर्निचरची दुकानं, परत पेट्रोल पंप. मी इतका बधिर झालो होतो की तिने सिग्नलला गाडी थांबवली आणि मला वाटलं घर आलं, मी पट्टा सोडला.

वर्ग आणखी तीन शुक्रवार चालला. मग ती म्हणाली, दमायला होतं. चौदा पोरांपैकी कोणाच्या आईने फार आग्रह केला नाही, क्रिकेटचा सराव त्याच वेळेला ठेवला होता. सोफा गॅलरीतून आत आला. शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन स्वयंपाकघरात उभा राहतो ती सवय राहिली आहे, पण पलीकडे टीव्ही असतो. पोरगी इंग्रजीत बोलते आणि ही तिला इंग्रजीतच उत्तर देते. चांगलं बोलते इंग्रजी. मला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट एक वर्ष वाढलं. मेसेज आला मोबाईलवर, इकामा रिन्यू झाल्याचा, दुपारी, कंट्रोल रूममध्ये. मी आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, आभार मानायला. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, अरे, वा, अभिनंदन, पण माझा काही संबंध नाही हो त्यात. दोन वर्षं झाली, याद्या सगळ्या रियाधहून होतात, आम्हालाही नंतरच कळतं. माझंच काय होतंय बघू या, म्हणाले, आणि हसले. बसायला सांगितलं. मंडळाचा विषय काढला, या वर्षी जर्सी कोणत्या रंगाच्या घ्यायच्या वगैरे. मग एकदम आठवल्यासारखं बोलले.

‘तुमच्या मिसेस त्या दिवशी अगदी मोठ्या मनाने आमच्याकडे आल्या. तुम्ही नव्हता ना? शिफ्ट होती बहुतेक.’

मी त्यांच्या पाठीमागे बसलो होतो. तीन तास. त्यांच्या शर्टाच्या कॉलरला धोब्याने लावलेला टॅग अजून तसाच होता, तो मी वाचला होता.

मी म्हणालो, हो, शिफ्ट होती.

घरी आलो तेव्हा ही गव्हाचं पीठ चाळत होती. मी मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने हात पुसले, मेसेज वाचला, दोनदा वाचला, आणि खुर्चीवर बसली. त्या जानेवारीनंतर तिच्या चेहऱ्यावर इतकं हलकं काही मी बघितलं नव्हतं. म्हणाली, चला, म्हणजे आपण तिथे जाऊन बसलो ते वाया नाही गेलं.

मी म्हणालो, नाही, नाही गेलं. आणि हात धुवायला आत गेलो.